घड्याळ नाशकास दुरुस्तीला

नाशकास येणारा यात्रेकरू रामकुंडात स्नान करतो, काळारामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेत वाकून शिरतो आणि जाताना चिवड्याचा पुडा घेऊन मोटारीत बसतो. गोदाकाठचे नारोशंकराचे देऊळ त्याला वाटेतच लागते. पण त्याच्या दरवाजावरच्या घंटेकडे मान वर करून पाहणारा विरळा. वास्तविक या घंटेइतका प्रवास केलेली वस्तू पंचवटीत दुसरी क्वचितच असेल. तिच्यावर साल आहे १७२१. ती मूळची पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. कोणी मेणवलीस गेली, कोणी भीमाशंकरास. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली रामेश्वराचे हे देऊळ बांधले, त्यात ही येऊन लटकली. वसईस जिने प्रार्थनेची वेळ सांगितली तिनेच नाशकात आरतीची सांगावी, यात घंटेला काही वावगे वाटले असेल असे तिच्या तोंडावरून दिसत नाही. टोल देणारा हात तेवढा बदलला.

हल्ली ती वेळ सांगत नाही, पूर सांगते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की नाशिककर काठावर जमतात, छातीला लागले की काठावरचे दुकानदार माल हलवू लागतात, आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकले म्हणजे तो पूर नातवंडांना सांगण्याजोगा. त्याहून खालच्या पातळीचे पाणीही सराफ बाजारात आणि भांडी बाजारात सहज शिरते. ज्या गावाने पुराचे माप मारुतीच्या अंगावर आणि घंटेच्या काठावर ठरवले, त्या गावाचे मोजमापाशी काही जुने नाते असले पाहिजे अशी माझी समजूत आहे, आणि तिला कारण आहे.

मी नाशकास जातो तो देवदर्शनासाठी कमी आणि घड्याळासाठी जास्त. घड्याळ माझ्या वडिलांचे. कंपनी फेवर ल्युबा, मॉडेल सी किंग, रोज सकाळी किल्ली द्यावयाचे. १९६४ साली लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते वडिलांना घातले. त्या काळी जावयाला मनगटी घड्याळ देणे ही लहान गोष्ट नव्हती. सायकल, घड्याळ आणि जमल्यास रेडिओ अशी ती चढती भाजणी असे. फेवर ल्युबा ही स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची १७३७ सालापासूनची पेढी. १८६५ पासून तिचे मुंबईशी नाते, त्यामुळे आमच्याकडच्या खेडोपाडी ते नाव घरच्यासारखे झालेले. गावातल्या निम्म्या लोकांना फेवर ल्युबा हे कुणा साहेबाचे नाव आहे की जोडप्याचे, हा प्रश्न पडलेला असे.

आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. जमीन कोरडवाहू आणि जोडीला किराणा मालाचे छोटे दुकान. वडिलांच्या हातातले घड्याळ हीच घरातली एकुलती एक मौल्यवान चीज, आईच्या चार पाटल्या सोडल्या तर. आणि या घड्याळावरून आमच्या घरात एक विनोद आहे. मी लहान असताना ते एकदा बिघडले आणि वडिलांनी नाशकास दुरुस्तीला दिले. ते परत यावयास तीन वर्षे लागली. तेव्हापासून घरात कोणतेही काम रेंगाळले की आई म्हणते, “नाशकाला दुरुस्तीला दिलं वाटतं!” वडील यावर कधी बोलत नसत. मिशीत हसल्यासारखे करून उठून जात. ते जाऊन बरीच वर्षे झाली. विनोद अजून चालू आहे.

घड्याळाच्या गोष्टीला लागण्याआधी नाशकाच्या वेळेची गोष्ट सांगितली पाहिजे. आपण हातावर जी वेळ बांधतो ती नाशकाची नव्हेच. ती आहे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. नाशिक पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या जरासे पुढे. मधले अंतर पावणेनऊ अंशांच्या आसपास, आणि अंशाला चार मिनिटे. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा नाशकाच्या सूर्याला डोक्यावर यावयास अजून सुमारे ३५ मिनिटे असतात. ऋतुमानाप्रमाणे थोडे मागेपुढे. मुंबईचा सूर्य याहून चार मिनिटे उशिरा. १ जानेवारी १९०६ रोजी सगळ्या देशाला एक वेळ लावून दिली, पण मुंबईच्या महापालिकेने आपली ३९ मिनिटे सहजी सोडली नाहीत. ‘मुंबई टाइम’ हा प्रकार १९५५ पर्यंत टिकून होता. नाशकाने असे भांडण मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. इथे रेल्वेची वेळ रेल्वेला आणि पंचांगाची वेळ भटजींना, असा समजूतदारपणा. शिवाय ज्या गावचे मुख्य घड्याळ बारा वर्षांनी एकदा टोल देते, त्याने अर्ध्या-पाऊण तासाची फिकीर का करावी? गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. हे घड्याळही अगदी बिनचूक नाही बरे का! गुरूची एक फेरी पुरी बारा वर्षांची नसून ११.८६ वर्षांची, म्हणजे दर फेरीस ते सुमारे पन्नास दिवस पुढे पळते. घड्याळ आले की पुढे-मागे आलेच.

नारोशंकरापासून पूल ओलांडून गावठाणात शिरावे. चढण चढून भांडी बाजार, सराफ बाजार, मग बोळामागून बोळ. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिक पूर्वीपासून नावाजलेले. जुन्या तांबटआळीत पूर्वी दिवसभर ठणठणाट असे. शेजारच्या घरातल्या माणसाला आपल्या बायकोशी भांडायचे तर आवाज चढवावा लागे, असे सांगतात. आता ठोके थोडे उरले आहेत. हंडा, घागर, बंब, घंगाळ ही भांडी कारखान्यात दाबून निघतात. पण अजूनही एखाद्या ओट्यावर एखादा कारागीर भांडे मठारत बसलेला दिसतो. मठारणे म्हणजे पत्र्यावर हातोडीचे एकसारखे, शेजारी-शेजारी ठोके देत जाणे. त्याने धातू कठीण होतो आणि अंगावर चकाकणाऱ्या खवल्यांची नक्षी उठते. दोन हातांची नक्षी कधी सारखी येत नाही. जाणकार ठोके पाहून कारागीर ओळखतो.

आता हे तांबट आणि घड्याळ यांचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की आपल्याकडचे पहिले घड्याळजी तांबटच. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात एक तांब्याची वाटी सोडीत. तिच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढत जाई आणि साठ पळांनी वाटी बुडे. ती झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा साठ घटकांचे अहोरात्र. ‘सूर्यसिद्धांत’ या ग्रंथात हेच पात्र सांगितले आहे. माणसाची घटका भरली असे आपण म्हणतो ते या वाटीवरून. घड्याळ म्हणजेही मूळची काशाची थाळी. घटका बुडाली की तिच्यावर टोला देत. वाटीचे नाव गेले, थाळीचे नाव मात्र पुढे मनगटावर येऊन बसले.

पण ही वाटी करणे किती अवघड! भोक केसभर मोठे झाले की घटका बावीस मिनिटांची. वाटी जड झाली की तीच गत. मग घासून वजन उतरवावयाचे, हातोडीने भोक आवळावयाचे, पुन्हा पाण्यात सोडून पाहावयाचे. प्रत्येक वाटी वेगळी आणि प्रत्येकीला वेळ शिकवावी लागे. एकाच माणसाने पत्रा कापला, ठोकला, भोक पाडले आणि काळाशी जुळवून घेतले, असे ते यंत्र. त्यावर कंपनीचे नाव नाही, नंबर नाही. आज अशी जुनी वाटी कोणाच्या माळ्यावर निघाली तर तिला लोणच्याचे भांडे समजून मोडीत घालू नये, एवढी विनंती करून ठेवतो.

नाशकापासून हाकेच्या अंतरावर देवळाली. तोफखान्याची छावणी म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. वेळेच्या इतिहासात तिचे स्थान वेगळेच आहे. इंग्रजांच्या अमदानीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत राहत. जहाजे ठराविक मोसमातच सुटत. भलत्या वेळी मुदत संपली की महिनोन्महिने बसून राहणे आले. काम नाही, कवायत नाही, मनगटावर घड्याळ आणि समोर माळ. कित्येकांची डोकी फिरत. देवळालीचे ‘डूलॅली’ आणि आपला साधा ‘ताप’ यांची जोड होऊन वेड लागणे या अर्थी एक शब्द इंग्रजीत गेला आणि तिथेच राहिला. वेळ दाखवणारी यंत्रे पुष्कळांनी केली, वेळ जात नसल्याच्या दुखण्याला नाव मात्र आमच्या जिल्ह्याने दिले! शिपायांच्या हाती त्या काळी वेस्ट एंड कंपनीची घड्याळे फार. मुंबई-कलकत्त्यात व्यापार करणाऱ्या या स्विस कंपनीने आपल्या एका घड्याळाचे नावच ‘सोवार’ ठेवले, म्हणजे आपला घोडेस्वार. जुन्या फौजी घराण्यांत ‘सोवार प्रायमा’ अजून जपून ठेवलेले आढळते.

आता मेन रोडला फुटणाऱ्या एका बोळात या. डाव्या हाताला मोबाइलची कव्हरे टांगलेले दुकान, उजव्या हाताला पूजासाहित्य, आणि दोहोंच्या मध्ये, दार आहे की कपाट असा संभ्रम पडावा असा एक गाळा. त्यात घड्याळवाले काका बसतात. वय अठ्ठ्याहत्तर. चौदाव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली आले, पहिले वर्षभर केवळ डब्या पुसल्या, दुसऱ्या वर्षी उस्तादांनी हाती चिमटा दिला. समोर उतरत्या झाकणाचे टेबल, त्यावर पालथे घातलेले काचेचे पेले, आणि प्रत्येक पेल्याखाली एकेका घड्याळाचा संसार उकलून ठेवलेला. डोळ्याला भिंग लावून ते वाकले की आपण बोलणे थांबवावे. श्वासानेसुद्धा स्क्रू उडतो.

पूर्वी या रस्त्यावर दुरुस्ती करणारे पुष्कळ होते. घरोघरी एच.एम.टी.ची घड्याळे आली तो काळ त्यांच्या भरभराटीचा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला हा सरकारी कारखाना सुरू झाला. ‘जनता’ नावाचे सतरा खड्यांचे, किल्लीचे घड्याळ शाळामास्तरापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांच्या हातात आले. पण तिकडे १९६९ च्या नाताळात जपानच्याच सायको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले होते. किल्लीच्या घड्याळातले चक्र सेकंदाला पाच हेलकावे घेते. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. मग अचूकपणात बरोबरी कसली? आपल्याकडे १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घरोघरी नेले आणि २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचे ठरवले. दुरुस्तीच्या जागी सेल बदलणे आले. सेल बदलावयास उस्ताद लागत नाही.

मी गेलो त्या दिवशी काकांपुढे एक तरुण बसला होता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या पगारावर. छंद जुन्या घड्याळांचा. त्याला ‘जनता’ हवे होते, तेही देवनागरी अक्षरांचे. अशी तबकडी आता शोधावी लागते. “मुंबईत पुष्कळ मिळतात, पण खरं नसतं,” तो म्हणाला. ते खरेच आहे. मोडक्या पाच घड्याळांतून एक चालते जुळवावयाचे, तबकडी खरवडून तिच्यावर लालभडक किंवा हिरवा रंग आणि नवे नाव चढवावयाचे, हा मुंबईतला उद्योग इतका फोफावला की परदेशचे शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात. आपल्या शहराचे नाव कशाकशाने पसरेल सांगता येत नाही.

बोलता बोलता तरुणाने मोबाइलवर काकांना एक चित्र दाखवले. साधी पांढरी तबकडी, तीन काटे. घड्याळाचे नाव ‘सिम्प्लिसिटी’, कर्त्याचे नाव फिलिप द्यूफूर. स्वित्झर्लंडमधल्या व्हाले द झू या खोऱ्यातला हा गृहस्थ कोणा कंपनीचा नोकर नव्हे. जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचा कारखाना, आणि कारखाना म्हणजे मुख्यतः तो स्वतः. १९९२ साली त्याने तास आणि पाव तास आपोआप टोल देऊन सांगणारे मनगटी घड्याळ केले; तोवर हे मनगटाएवढ्या जागेत कोणी बसवले नव्हते. २००० साली हे साधे घड्याळ काढले आणि सारी मिळून दोनशेच्या थोडी वर केली. आज त्यांतले एखादे विकावयास निघाले तर कोट्यवधी रुपयांना जाते.

काकांनी भिंग काढले. “सोनं किती आहे?”

“सोन्याचं नाही काका. आतल्या हातकामाचं. आतली प्रत्येक कड तो हातानं घासतो. तिकडच्या डोंगरात जेन्शियन म्हणून झुडूप असतं, त्याच्या वाळक्या देठानं पॉलिश करतो.”

“आमच्याकडे चिंच लावतात,” काका तांबटआळीच्या दिशेने मान हलवून म्हणाले. मग थोडा वेळ चित्र मोठे करकरून पाहत राहिले. आतल्या पुलांच्या कडा, चाकांचे आरे. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते गवयाने दुसऱ्या गवयाची तान ऐकताना दिसते. शेवटी त्यांनी विचारले, “मोडलं तर दुरुस्त कोण करतो?”

“तोच.”

“आणि तो नसला की?”

तरुण हसला. उत्तर त्याच्यापाशी नव्हते, आणि प्रश्न तर लाखमोलाचा. इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स २०११ साली वारले. तेही असेच, घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग आपल्या हाताने घडवणारे. त्यांच्यामागे निदान रॉजर स्मिथ हा शिष्य उरला आणि त्यांचा ग्रंथ उरला. नाशकाच्या बोळातल्या विद्येचा ग्रंथ कोणी लिहिलेला नाही. काकांचा मुलगा शेजारी मोबाइलच्या दुकानात असतो. त्याचा हात हलका आहे, असे काका म्हणतात. पण ज्या कामाला गिऱ्हाईक महिन्यातून चारदा येते ते त्याने का शिकावे, असेही तेच म्हणतात. मला या व्यवहारज्ञानाबद्दल त्यांचा आदरच वाटला.

तरुण गेल्यावर माझे घड्याळ पुढे आले. बंद पडण्याचे कारण काकांनी दोन मिनिटांत सांगितले. हेलकावे घेणाऱ्या चक्राच्या आसाचे टोक मोडले होते. हे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाडीचे, म्हणजे आपल्या केसाएवढे. तयार आस मिळत नाही. पोलादाच्या काडीतून नवा काढावा लागतो. काकांकडे त्यासाठी धनुकलीच्या कमानीने फिरवावयाची चिमुकली लेथ आहे. उजव्या हाताने पोलाद कापावयाचे, डाव्या हाताने कमान ओढावयाची. आणखी दहा मैलांवर ओझरला लढाऊ विमाने जुळतात, सातपूरला डिझेल इंजिनांची केसाएवढ्या भोकांची नोझले तयार होतात. या शहराला बारीक कामाची काही नवलाई नाही. पण एका जुन्या घड्याळाला एकच आस हवा असेल तर तो करून देणारा इथे हा एक. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे.

माझा खरा पेच निराळा होता. माघात माझ्या मुलाचे लग्न आहे आणि आजोबांचे घड्याळ नातवाने घालावे अशी घरात टूम निघाली. मुलाला ते आवडले; मात्र तबकडीवर पावसाळ्यांचे तपकिरी डाग, सहाच्या आकड्याजवळ तर पिंपळपानाएवढा. “मुंबईला देऊ बाबा, नवीन करून देतात, आतूनबाहेरून पॉलिश,” तो म्हणाला. नव्या नवरदेवाच्या हातात डागाळलेले घड्याळ नको, हे म्हणणे काही खोटे नव्हे. मी काकांना तसे विचारले. काकांनी उत्तर दिले नाही. घड्याळाची पाठ उघडली, झाकण उलटे करून माझ्या हातात दिले आणि भिंग पुढे केले.

झाकणाच्या आतल्या बाजूस, टोकदार सुईने कोरलेली, मुंगीच्या पायांसारखी अक्षरे. दुरुस्ती करणारा घड्याळ साफ केले की आत आपली खूण आणि तारीख घालतो. ही जगभरची चाल आहे. दर तीन-चार वर्षांनी आतले तेल सुकते, घड्याळ उकलून धुवावे लागते, आणि एक ओळ वाढते. काका वाचू लागले. “हे माझं. हेही माझं, त्र्याण्णवचं. हे उस्तादांचं, अकरा सहासष्ट. त्यांचा ‘य’ असा उलटा असायचा. हे पण त्यांचं, आठ एकाहत्तर. आणि हे पाच पंच्याहत्तर.” मग एका जागी त्यांची सुई थांबली. तिथे तारीख नव्हती. नुसता आकडा होता, ४१७, आणि वर आडवी रेघ.

“ही खूण आमच्यातली नाही, भाऊ,” ते म्हणाले. “पूर्वी पेढीवर वस्तू ठेवली की वहीतला नंबर कोरायचे. बदलाबदल नको म्हणून. एकाहत्तरच्या खाली, पंच्याहत्तरच्या वर. मधली वर्षं हे गहाण होतं.”

मी काही बोललो नाही.

“सोडवलं तसं थेट उस्तादांकडे आणलेलं दिसतं. इतके दिवस पेटीत पडलं की तेल सुकतंच. पाच पंच्याहत्तर.”

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अधिक सांगावयास नको. आमच्या तालुक्यात विहिरी तळाला गेल्या. बायका-माणसे खडी फोडावयास गेली. अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि सुकडी यांवर घरे चालली. आमचे दुकान त्या वर्षी उधारीत बुडाले, एवढे मला ठाऊक होते. आईच्या पाटल्या मात्र हातातच राहिल्या. दुष्काळात पाटल्या न मोडलेले गावातले आमचे एक घर, असे ती अभिमानाने सांगते. सासऱ्याने दिलेली वस्तू पेढीवर ठेवली हे वडील सासऱ्याच्या लेकीला कसे सांगणार? त्यांनी नाशकास दुरुस्तीला दिल्याचे सांगितले. आणि शेवटी १९७५ साली सोडवून आणताना ते खरोखरच दुरुस्त करून घेतले. माणूस हिशेबाचा होता.

जगात दोनशे घड्याळे असलेल्या माणसाचे काम मोठेच, त्याबद्दल शंका नाही. पण ४१७ हा आकडा या रेघेखाली असलेले सी किंग जगात एकच आहे. मुंबईला दिले असते तर पॉलिशाच्या फिरकीने तो दोन मिनिटांत गेला असता, उस्तादांचा उलटा ‘य’ही गेला असता, आणि आम्हाला छान नवे घड्याळ मिळाले असते.

तबकडीला हात लावू नका, असे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, “लावणारच नव्हतो.” काच नवी घालावयाचे ठरले. आस, सफाई, तेल आणि काच मिळून तेराशे रुपये. त्यातले तीनशे मी आगाऊ दिले. मुलाला काय सांगावे याचा विचार करीत होतो, पण तो सोपा निघाला. संध्याकाळी त्याला फोनवर झाकणाचे छायाचित्र पाठवले आणि खाली दोन ओळी लिहिल्या. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले : “डाग राहू द्या.” पुढे, आजीला सांगणार का, असे त्याने विचारले होते.

काकांनी एक जुने पाकीट घेऊन त्यावर माझे नाव लिहिले. “दहा-बारा दिवस लागतील. डोळा दुपारी चालत नाही, सकाळचंच काम करतो. अमावस्येला येऊ नका, बंद असतं.”

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर वाती वळीत बसली होती. माझ्या रिकाम्या हाताकडे पाहून म्हणाली, “घड्याळ कुठं रे?”

“नाशकाला दिलंय दुरुस्तीला,” मी म्हटले.

“मग लग्न तीन वर्षं पुढं ढकला,” ती म्हणाली, आणि पुढची वात वळू लागली.